तपसाधना : अंतरंगाचे नवीकरण आणि माणसांच्या विविधतेचा स्वीकार

सेवाकार्य आटोपून प्रेषित परत आले, तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले. लोकांची वर्दळ एवढी होती, की त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती (मार्क ६:३०-३४). ख्रिस्तसभेत रूढ झालेल्या तपसाधनेची, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘रिट्रीट’ म्हणतो तिची, प्रेरणा या प्रसंगात आहे. मात्र पुढे काय घडले याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तारू किनाऱ्याला लागण्यापूर्वीच लोकसमुदाय तेथे येऊन थांबला होता. प्रभूने त्यांना माघारी धाडले नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते त्याला दिसले आणि त्याला त्यांचा कळवळा आला. एकांताकडे निघालेली वाट माणसांपाशी येऊन पोहोचली.

आत्मनवीकरण आणि माणसांच्या विविधतेचा स्वीकार हे दोन विषय हल्ली अनेक तपसाधना शिबिरांत एकत्र घेतले जातात. पहिला विषय प्रार्थनेचा आणि दुसरा समाजकार्याचा, असा काहींचा समज असतो. प्रत्यक्षात हे एकाच कृपेचे दोन टप्पे आहेत. त्यांचे नाते स्पष्ट व्हावे, अशा शिबिरांची परंपरा कळावी आणि सहभागी होणाऱ्यांना मार्गदर्शन मिळावे, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

पेत्राची प्रार्थना

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात संत पेत्र यापो नगरात असल्याचे आपण वाचतो. भर दुपारी तो प्रार्थनेसाठी घराच्या धाब्यावर गेला. ते घर शिमोन नावाच्या, कातडी कमावणाऱ्या माणसाचे होते. मृत जनावरांच्या कातड्याशी संबंध येणारा हा व्यवसाय यहुदी समाजात हीन लेखला जाई. मराठी वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या धाब्यावर पेत्राला दृष्टान्त झाला. आकाशातून मोठ्या चादरीसारखे काही खाली आले, त्यात सर्व प्रकारचे प्राणी होते आणि देवाने जे शुद्ध केले त्याला अपवित्र न मानण्याची आज्ञा त्याला झाली. हे तीनदा घडले. तरीही त्याला अर्थ उमगला नाही. तो विचारात पडला असतानाच कैसरीयाच्या कर्नेल्य या रोमी शताधिपतीची माणसे दाराशी आली. पेत्राने परराष्ट्रीयांना घरात घेतले, त्यांचा पाहुणचार केला आणि दुसऱ्या दिवशी तो त्यांच्यासोबत निघाला. देव पक्षपाती नाही, हे सत्य त्याने कर्नेल्याच्या घरात उभे राहून उच्चारले. प्रार्थनेचा अर्थ त्याला दारात आलेल्या माणसामुळे कळला.

हे नवीकरण कायमचे टिकले, असे मात्र म्हणता येत नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंच्या पंक्तीला बसत असे. परंतु काही कर्मठ मंडळी येताच तो भीतीने वेगळा राहू लागला. संत पौलाने सर्वांसमक्ष त्याला त्याची चूक दाखवून दिली (गलती २:११-१४). प्रेषितांच्या प्रमुखाचे पाऊलही मागे पडू शकले. म्हणूनच ख्रिस्तसभा तपसाधना वारंवार करण्यास सांगते.

मान्रेसाचा धडा

तपसाधनेला शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय संत इग्नाशियस लोयोला यांच्याकडे जाते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत ते जखमी झाले आणि आजारपणात त्यांचे मन पालटले. त्यानंतर मॉन्सेरातकडे जात असताना वाटेत त्यांना एक मूर मुसलमान भेटला. पवित्र मरियेच्या अखंड कौमार्याविषयी दोघांचा वाद झाला. तो मनुष्य पुढे निघून गेल्यावर इग्नाशियस बेचैन झाले. मरियेचा मान राखण्यासाठी त्याला गाठून खंजीर खुपसावा काय, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. अखेर फाट्यावर त्यांनी लगाम सैल सोडला आणि खेचर नेईल त्या वाटेने जायचे ठरविले. खेचराने दुसरी वाट धरली. हा प्रसंग इग्नाशियस यांनी स्वतःच आत्मकथनात नमूद करून ठेवला आहे. त्यांच्या अंतःकरणात भक्ती ओसंडत होती. पण भिन्न श्रद्धेच्या माणसाला तिथे जागा नव्हती.

त्यानंतर १५२२-२३ मध्ये ते सुमारे अकरा महिने मान्रेसा येथे राहिले. तेथील प्रार्थना आणि आत्मसंघर्ष यांतून ‘आध्यात्मिक साधना’ हा त्यांचा ग्रंथ आकारास आला. तिसरे पौल या परमगुरूंनी १५४८ मध्ये त्यास मान्यता दिली. या साधनेच्या दुसऱ्या आठवड्याच्या प्रारंभी ख्रिस्ताच्या देहधारणेवर मनन आहे. पवित्र त्रैक्य पृथ्वीकडे पाहत आहे, असे साधकाने डोळ्यांसमोर आणायचे असते. वेगवेगळ्या वेषांची आणि रीतींची माणसे, गोरी आणि काळी, शांततेत जगणारी आणि लढणारी, रडणारी आणि हसणारी, निरोगी आणि आजारी, जन्मणारी आणि मरणारी, अशी सारी मानवजात त्या दृष्टीपुढे आहे आणि तिच्या तारणासाठी पुत्र देह धारण करतो. एकेकाळी खंजिराचा विचार करणाऱ्या माणसाने साधकाला देवाच्या डोळ्यांनी माणसे पाहायला शिकविले. त्याच ग्रंथाच्या आरंभी आणखी एक सूचना आहे : शेजाऱ्याच्या बोलण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावण्याची तयारी प्रत्येक ख्रिस्ती माणसाने ठेवावी.

ही साधना प्रत्येकाचे वय, शिक्षण आणि कुवत पाहून द्यावी, असेही इग्नाशियस सांगतात. ज्यांना महिनाभर एकांत शक्य नाही, त्यांनी रोज सुमारे दीड तास देऊन घरी राहूनच ती करावी, अशी सोय त्यांनी ठेवली आहे. १९२२ साली अकरावे पायस या परमगुरूंनी त्यांना तपसाधनेचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

येशूसंघाचा पुढील इतिहास मात्र आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. इग्नाशियस यांनी यहुदी वंशातील ख्रिस्ती उमेदवारांना संघात मुक्त प्रवेश दिला होता. त्यांच्यानंतर संघप्रमुख झालेले दिएगो लाइनेझ हे त्याच वंशातील होते. तथापि १५९३ मध्ये संघाच्या महासभेने अशा कुळातील व्यक्तींना प्रवेशबंदी केली. ही अट काळाच्या ओघात शिथिल झाली, पण ती पूर्णपणे रद्द होण्यास १९४६ साल उजाडावे लागले. तपसाधनेची परंपरा जपणाऱ्या संघालाही संस्थापकाचा धडा पुन्हा शिकावा लागला. अंत्युखियातील पेत्राची येथे आठवण होते.

शिबिरांचे बदलते स्वरूप

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने (१९६२-६५) पवित्रतेचे पाचारण सर्व श्रद्धावंतांना आहे, हे ठासून सांगितले. ख्रिस्तसभा आणि आधुनिक जग यांविषयीच्या दस्तऐवजात परिषदेने लिंग, वंश, वर्ण, सामाजिक स्थिती, भाषा वा धर्म यांवर आधारित भेदभाव देवाच्या इच्छेविरुद्ध असल्याचे नमूद केले. प्रापंचिकांसाठी नवनव्या शिबिरांची चळवळ याच काळात जोमाने वाढली. १९६२ मध्ये स्पेनमध्ये दांपत्यांसाठी ‘मॅरेज एन्काउंटर’ सुरू झाले. १९६७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील ड्युकेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या तपसाधनेतून कॅथॉलिक करिझ्मॅटिक नवीकरणाचा उगम झाला. १९७०च्या दशकात ही चळवळ मुंबईत पोहोचली.

आपल्या महाराष्ट्रात येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) यांनी १९७३ साली पुण्यात ‘साधना’ संस्थेची सुरुवात केली. पुढे ती लोणावळा येथे हलली. श्वासाकडे लक्ष देणे, शरीराची जाणीव आणि शांतता यांचा त्यांनी प्रार्थनेसाठी उपयोग केला. त्यांच्या निधनानंतर, १९९८ मध्ये, श्रद्धासिद्धान्तविषयक मंडळाने त्यांच्या काही विचारांबाबत श्रद्धावंतांना सावध केले, हेही वाचकांनी लक्षात ठेवले पाहिजे.

कार्यशाळेत काय घडते

पारंपरिक तपसाधनेत मौन, प्रवचन, पवित्र मिस्सा आणि प्रायश्चित्त संस्कार यांवर भर असतो. कार्यशाळेच्या स्वरूपातील शिबिरात यांच्या जोडीला परस्परांचे ऐकणे येते. ‘पवित्र आत्म्यातील संवाद’ ही त्याची आता सर्वपरिचित झालेली पद्धत होय. ऑक्टोबर २०२३ मध्ये भरलेल्या सिनॉडपूर्वी सर्व सदस्यांनी रोमजवळील साक्रोफानो येथे तीन दिवसांची तपसाधना केली. नंतर कार्डिनल, बिशप, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक स्त्री-पुरुष गोल मेजांभोवती एकत्र बसले आणि त्यांनी याच पद्धतीने विचारविनिमय केला.

तिच्या तीन फेऱ्या असतात. प्रार्थना आणि मौनानंतर पहिल्या फेरीत प्रत्येकजण समान वेळेत आपला अनुभव सांगतो. कोणी प्रश्न विचारत नाही, कोणी उत्तर देत नाही. पुन्हा मौन पाळले जाते. दुसऱ्या फेरीत स्वतःचे मत मांडायचे नसते. इतरांच्या बोलण्यातील कोणती गोष्ट मनाला स्पर्शून गेली, एवढेच सांगायचे असते. परत मौन. तिसऱ्या फेरीत पवित्र आत्मा आपल्याला कोठे नेत आहे याचा एकत्र शोध घेतला जातो. सभेत नेहमी बोलणाऱ्यांना या पद्धतीत गप्प बसावे लागते आणि कधीच न बोलणाऱ्यांचे शब्द सर्वांच्या कानी पडतात.

काही शिबिरांत स्वभावप्रकार ओळखण्याच्या चाचण्या घेतात. घाईने निर्णय घेणारा उद्धट नसतो आणि वेळ घेणारा आळशी नसतो, एवढे जरी त्यांतून घरातल्या माणसांना समजले, तरी फायदा आहे. तथापि या चाचण्या म्हणजे देवाची वाणी नव्हे. नऊ प्रकारांच्या ‘एनिअग्राम’ पद्धतीचा आध्यात्मिक वाढीसाठी वापर केल्यास श्रद्धेच्या बाबतीत संदिग्धता निर्माण होते, अशी सूचना व्हॅटिकनच्या २००३ मधील नवयुगविषयक दस्तऐवजात आहे. माणसाला एखाद्या क्रमांकात बंद करणे हादेखील त्याला नाकारण्याचाच प्रकार होय.

आपल्या धर्मग्रामात

वसईच्या एकाच परिसरात सामवेदी, वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. प्रत्येकाची बोली, पेहराव आणि लग्नातील रिवाज वेगळे. रेल्वेमार्गालगत वाढलेल्या नगरांत कोकणी, तमिळ, मल्याळी भाषक कुटुंबे स्थायिक झाली. पालघर जिल्ह्याच्या पाड्यांवर आदिवासी बांधव आहेत, तर अहिल्यानगर आणि मराठवाड्यातील अनेक कॅथॉलिक कुटुंबे दलित समाजातून आलेली आहेत. एकाच भाकरीचे वाटेकरी असूनही आपण परस्परांना कितपत ओळखतो?

सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळकट वस्त्रांतल्या गरिबाला पायांपाशी जागा देणाऱ्या मंडळीला संत याकोबाने सुनावलेले खडे बोल (याकोब २:१-४) आजही लागू आहेत. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून ख्रिस्तसभेतही जातिभेद असल्याची स्पष्ट कबुली दिली. त्यामुळे आत्मपरीक्षणाच्या वेळी आपण काही साधे प्रश्न स्वतःला विचारावेत. ‘तो आपल्यातला नाही’ हे शब्द मी शेवटचे कोणाविषयी उच्चारले? धर्मग्रामातील कोणाच्या घरी मी आजवर चहाही घेतलेला नाही? मुलाच्या वा मुलीच्या सोयरिकीचा विषय निघाला की माझ्या मनात पहिला प्रश्न श्रद्धेचा येतो की समाजाचा? वाचनासाठी, गायनवृंदासाठी आणि समित्यांसाठी आपण नेहमी त्याच घरांतील माणसे बोलावतो का? अपंग बांधवाला देवळाच्या पायऱ्या चढता येतात का, हे मी कधी पाहिले आहे का?

विविधतेचा स्वीकार म्हणजे सारे काही योग्यच आहे, असे मानणे नव्हे. संत पौलाने पेत्राला स्वीकारले आणि त्याची चूकही दाखविली. सत्याशी तडजोड न करता माणसाला आपल्या पंक्तीला घेणे, हाच शुभवर्तमानाचा मार्ग आहे.

शिबिराला जाताना आणि परतल्यावर

शिबिर धर्मप्रांताच्या वा मान्यताप्राप्त धर्मसंघाच्या मार्गदर्शनाखाली आहे, याची खात्री करून घ्यावी. पवित्र मिस्सा, शास्त्रवाचन आणि प्रायश्चित्त संस्कार यांना त्यात स्थान असावे. इतरांनी विश्वासाने सांगितलेले अनुभव बाहेर सांगू नयेत आणि मनातले बोलण्याची सक्ती कोणावरही करू नये. तीव्र मानसिक त्रास असलेल्यांनी डॉक्टरांचे उपचार चालू ठेवावेत; तपसाधना हा औषधाला पर्याय नाही. महागडे केंद्र वा दूरचा प्रवास परवडत नसेल, तर इग्नाशियस यांनी सुचविल्याप्रमाणे घरीच रोजचा ठरावीक वेळ राखून, अनुभवी मार्गदर्शकाच्या साहाय्याने साधना करता येते.

परतल्यावर मनातला उत्साह काही दिवसांत ओसरतो, त्याने खचून जाऊ नये. शिबिराच्या शेवटी एका माणसाचे नाव मनात ठरवावे, ज्याच्यापासून आजवर आपण अंतर राखले. आणि महिन्याभरात त्याच्या घरी जावे. यापोच्या धाब्यावरून उतरलेला पेत्र दुसऱ्याच दिवशी कैसरीयाच्या वाटेला लागला होता. त्याच्या प्रार्थनेचा प्रसंग कर्नेल्याच्या घरी पूर्ण झाला. आपल्या तपसाधनेची पूर्तताही अशाच एखाद्या घरात व्हावी, यासाठी पवित्र आत्मा आपणा सर्वांना बळ देवो.