आधी पाणी, मग गॅस, मग पुन्हा पाणी

तेलाची विहीर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर जमिनीखालचं एक मोठं तळं यायचं. स्ट्रॉ टाकायचा, ओढून घ्यायचं. गेले दोन-तीन वीकेंड याच विषयावर वाचत बसलो आणि कळलं, तळंबिळं काही नसतं. तेल असतं दगडाच्या बारीक छिद्रांत. आणि निम्म्याहून जास्त तेल बऱ्याचदा तिथेच राहून जातं!

टेक्सासमधलं केली-स्नायडर क्षेत्र १९४८ साली सापडलं. विहिरींची झुंबड उडाली आणि खालचा दाब झपाट्याने उतरला. मग १९५३ मध्ये मालकांनी एकत्र येऊन ‘सॅकरॉक’ युनिट केलं आणि १९५४ पासून खाली पाणी सोडायला लागले. पाणी तेलाला पुढे ढकलतं खरं, पण तुपकट कढई नुसत्या पाण्याने विसळून पाहा... थर तसाच!

म्हणून जानेवारी १९७२ पासून कार्बन डायऑक्साइड. पुरेशा दाबाखाली तो तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं. पण हा गॅस हलका आणि चपळ. वरच्या वर सोपी वाट धरून थेट उत्पादन विहिरीत पोचतो. उपाय काय, तर थोडा गॅस, मग थोडं पाणी, आलटून पालटून. पाण्याने त्याची सोपी वाट अडते आणि त्याला नव्या छिद्रांत शिरावं लागतं. ही युक्ती कॅनडातल्या नॉर्थ पेम्बिनात १९५७ सालीच वापरली होती. २००१ मध्ये सुमारे ६० क्षेत्रांचा आढावा निघाला. यशस्वी ठिकाणी मूळ साठ्याच्या ५ ते १० टक्के जादा तेल मिळालं होतं. फुकट नाही अर्थात. पाणी आणि हा गॅस एकत्र आले की आम्ल होतं आणि पाइप गंजतात.

आता खरी गंमत. सॅकरॉकचा सुरुवातीचा गॅस आला नैसर्गिक वायूच्या प्लांटमधून, जिथे तो एरवी हवेत सोडून देत. म्हणजे चांगलंच की! पण १९८४ मध्ये कॉर्टेझ पाइपलाइन सुरू झाली आणि कोलोरॅडोत जमिनीखाली निवांत पडलेला कार्बन डायऑक्साइड उपसून पश्चिम टेक्सासकडे यायला लागला. कशासाठी? तर पुन्हा जमिनीत सोडायला, म्हणजे जाळायला आणखी तेल मिळेल!

त्यामुळे ‘आम्ही कार्बन जमिनीत पुरतो’ असं कोणी म्हणालं, की मी आता एकच विचारतो: आणला कुठून?

असो. उद्या सोमवार.