सिमेंटच्या पत्र्याला रंग देण्याआधी

एप्रिल-मे आला की आपल्याकडे पत्र्यांची कामं निघतात. जे-हुकाच्या भोकांना डांबर लावायचं, फुटका कोपरा सिमेंटनं थापायचा, आणि ज्यांच्या पडवीला किंवा मागच्या भिंतीला बाहेरून पत्रे ठोकलेत ते रंगाचा डबा आणतात. रंगारी तारेचा ब्रश काढतो, शेवाळ खरवडतो, वरून पॉलिश पेपर मारतो. पांढरी धूळ उडते. खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं की रंग सुरू. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण आपण त्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो. नावात सिमेंट आलं की प्रश्न संपला. खरं तर जुन्या पत्र्यात साधारण दहावा भाग अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि सिमेंटला धरून ठेवतात ते त्याचेच तंतू.

या पत्र्याची गोष्ट थोडी मागे जाऊन सांगतो. रंग कसा द्यायचा याचं उत्तर त्या गोष्टीतच आहे.

ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक या कारखानदाराला पुठ्ठा बनवण्याच्या यंत्राची कल्पना सुचली. कागदाच्या लगद्याऐवजी सिमेंट, पाणी आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा लगदा घ्यायचा आणि थरावर थर चढवायचे. १९०१ साली त्याला पेटंट मिळालं. मालाचं नाव त्यानं ठेवलं ‘एटर्निट’, लॅटिनमधल्या ‘चिरंतन’ या अर्थाच्या शब्दावरून. जळत नाही, गंजत नाही, वाळवी लागत नाही, आणि स्वस्त. ज्यांनी दरवर्षी कौलं शाकारली आहेत त्यांना या वस्तूची ओढ का वाटली असेल, हे वेगळं सांगायला नको.

आता इंग्लंडमधलं रॉचडेल. तिथं टर्नर ब्रदर्स या कंपनीच्या गिरणीत अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातलं जाई. नेली केरशॉ नावाची कामगार बाई तिथं कातायला होती. बाराव्या वर्षापासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामात. दम लागून काम सुटलं आणि १९२४ च्या मार्चमध्ये, ३३ व्या वर्षी ती गेली. आजारपणात तिनं कंपनीकडे भरपाई मागितली होती. कंपनीनं दिली नाही; एकदा जबाबदारी मान्य केली की पायंडा पडेल, ही धास्ती. तिला खूण नसलेल्या कबरीत पुरलं. पण डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुफ्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि आत अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडल्याचं त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. १९२७ मध्ये त्यांनीच या रोगाला ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ हे नाव दिलं.

मग सरकारला हलावं लागलं. कारखाना तपासणी खात्याचे डॉ. मेरेवेदर आणि अभियंता प्राइस यांनी १९३० साली अहवाल दिला. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांच्या फुफ्फुसांवर रोगाची लक्षणं होती. माझ्या मते या अहवालातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्यातले उपाय: धूळ जिथं निघते तिथंच ओढून घ्या, यंत्रं झाका, आणि जमेल तिथं कोरडं काम बंद करून ओलं करा. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, त्यावर ब्रिटनमध्ये नियमही झाले.

हे साल लक्षात ठेवा. कारण तीन वर्षांनी, १९३४ मध्ये, त्याच समूहानं, टर्नर अँड न्यूअलनं, हिंदुस्थानात अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड ही कंपनी काढली. आधी कटनीजवळच्या कैमोरला कारखाना, आणि त्याच दशकात आपल्या मुलुंडला. ‘एव्हरेस्ट’ पत्रा तो हाच. म्हणजे मुलुंडहून पहिला पत्रा निघाला तेव्हा ही धूळ माणूस मारते हे छापून आलं होतं, मोजून झालं होतं, त्यावर विलायतेत नियमही झाले होते. पत्रा इथं आला, ती माहिती मागेच राहिली.

आणि विलायतेतले ते नियम तरी कुठपर्यंत? कारखान्याच्या फाटकापर्यंत. पुढे तो पत्रा करवतीनं कापणारा सुतार, भोकं पाडणारा गवंडी, खरवडणारा रंगारी, यांचा त्यात विचारच नव्हता. बाहेरची माणसंही मरतात हे १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. वॅग्नर यांनी दाखवलं. त्यांच्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांत खाणीत कधीच काम न केलेली, फक्त त्या भागात लहानाची मोठी झालेली माणसं होती. १९६५ मध्ये लंडनच्या अभ्यासात नवऱ्याचे धुळीचे कपडे धुणाऱ्या बायका सापडल्या. हा कर्करोग २०-२०, ४०-४० वर्षांनी उगवतो. त्यामुळे ‘आमच्या बापानं आयुष्यभर घासले, त्याला काय झालं’ या युक्तिवादाला तसा अर्थ नाही.

ब्रिटननं निळा आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस १९८५ मध्ये, पांढरा १९९९ मध्ये बंद केला. ऑस्ट्रेलियानं २००३ अखेर. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य केला, तपासणीच्या नोंदी ४० वर्षं जपायला सांगितलं. मोठा निकाल, पण तोही कारखान्यातल्या कामगारासाठी. रोजंदारीवरच्या रंगाऱ्याची नोंद कुठल्या वहीत असणार?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की आपल्या गावातल्या एका शाळेच्या जुन्या वर्गांना या सुट्टीत रंग द्यायचाय. बाहेरच्या भिंती नालीदार पत्र्याच्या, आतली पार्टिशनं सपाट एसी शीटची. अंदाजपत्रक मी पाहिलं. त्यात लिहिलंय, ‘पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून, पॉलिश पेपर मारून दोन हात देणे’. लिहिणाऱ्यानं जुना मसुदा उतरवला असणार, दुष्टपणा नाही त्यात. पण काम होणार ते असंच.

घाबरून पत्रे काढून फेका असं मी म्हणत नाही, उलट तो आततायीपणा होईल. धड असलेला पत्रा भिंतीवर गप्प बसलेला असतो. फोडताना, कापताना, कोरडा घासताना तो तंतू सोडतो. जुन्या पत्र्याचा वरचा सिमेंटचा थर पावसानं झिजतो, तंतू उघडे पडतात, आणि शेवाळ नेमकं तिथंच धरतं. म्हणून खरवडणं सगळ्यात वाईट. चांगला रंग उलट त्या तंतूंना बांधून ठेवतो. त्यामुळे रंग द्याच, फक्त त्याआधीचं काम बदला.

पत्रा आधी हलक्या फवाऱ्यानं भिजवा. शेवाळावर शेवाळनाशक मारून ते मरू द्या, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या स्पंजनं किंवा मऊ फडक्यानं पुसा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर आणि जोराच्या पाण्याचा पंप, चारही घरी ठेवा. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. वाळल्यावर सिमेंटला चालणारा प्रायमर, मग रंग, ब्रशनं किंवा रोलरनं. रुमाल किंवा साधा निळा मास्क इथं कामाचा नाही. पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा, तोंडाला घट्ट बसणारा हवा. फडकी आणि प्लॅस्टिक ओलं असतानाच दोन पिशव्यांत बांधा, झाडू मारू नका, जाळू नका. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. छपराचा पत्रा असेल तर त्यावर पाय देऊन चढू नका; जुना पत्रा पायाखाली फुटून माणूस थेट खाली येतो, ते मरण तर त्याच दिवशीचं. आणि पत्रा तडकलेला, भुगा होत असलेला असेल तर त्याला रंगच देऊ नये, तो न फोडता अख्खा उतरवायचा.

नवे काही पत्रे बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे येतात, पण नुसत्या नजरेनं फरक कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. जुना असेल तर आहे असंच धरून चला.

शाळेच्या अंदाजपत्रकातली ती एक ओळ बदलावी, ‘घासून’ऐवजी ‘ओल्या फडक्याने पुसून’ व्हावं आणि रंगाऱ्यांच्या मास्कचे पैसे त्यात धरावेत, असा अर्ज तयार केलाय. काम १ मेनंतर सुरू होणार आहे, त्याआधी द्यायचाय. सही करायची असेल त्यांनी इथंच खाली नाव लिहा, मी कागद घेऊन घरी येईन. पालकांपैकी कुणी रंगकाम करत असेल तर आधी त्यांनी यावं.