अश्वाचे ऋण : पांजरपोळाचा इतिहास आणि मालकाची जबाबदारी

भरूच येथील अश्वावबोध तीर्थाची कथा श्वेतांबर परंपरेत सुपरिचित आहे. यज्ञात बळी जाणाऱ्या एका अश्वाला प्रतिबोध करण्यासाठी विसावे तीर्थंकर श्री मुनिसुव्रतस्वामी प्रतिष्ठानपुराहून, म्हणजे आजच्या पैठणहून, एका रात्रीत साठ योजनांचा विहार करून भृगुकच्छ नगरीत आले, असे ही कथा सांगते. चौदाव्या शतकात आचार्य जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात या तीर्थाचा महिमा नोंदविला. तिसरे तीर्थंकर श्री संभवनाथ यांचे लांछनही अश्वच आहे. जैन परंपरेत अश्वाला असे आदराचे स्थान आहे. मात्र ज्याच्या पाठीवर राज्ये उभी राहिली, व्यापार वाढला आणि शहरे धावली, त्या प्राण्याचे काम संपल्यावर त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न इतिहासाने फार क्वचित विचारला आहे.

हा प्रश्न घोड्याच्या बाबतीत विशेष तीव्र होतो. घोड्याची किंमत केवळ त्याच्या पायांत असते. पाय लंगडा झाला, श्वास फुलू लागला किंवा त्याचे काम यंत्राने घेतले, की त्याच दिवशी तो मालकाला भार वाटू लागतो. चांगली निगा राखल्यास घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. परंतु कष्टाचे काम करण्याची त्याची वर्षे त्याहून बरीच कमी असतात. उरलेल्या वर्षांचा खर्च कोणी करावयाचा, हाच ‘नकोशा झालेल्या घोड्या’च्या समस्येचा गाभा होय.

व्रतातील पाच अतिचार

आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जखडून बांधणे, मारझोड करणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे, असा त्यांचा सरळ अर्थ आहे. ही यादी बारकाईने पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. जनावर पाळणाऱ्या, त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या गृहस्थालाच ती प्रामुख्याने उद्देशून आहे. ज्याच्या दारात बैल किंवा घोडा बांधलेला आहे, त्याच्याच हातून हे पाच दोष घडू शकतात.

परिग्रहपरिमाण व्रतातही श्रावकाने द्विपद आणि चतुष्पद यांची मर्यादा ठरवावी, अशी अपेक्षा आहे. जेवढ्यांचे पोषण नीट होईल तेवढेच बाळगावे, हा बोध या मर्यादेतून घेता येतो. आज जगभर ‘जबाबदार अश्वपालन’ या नावाने जी तत्त्वे मांडली जातात, त्यांचे बीज श्रावकाचाराच्या या नियमांत आढळते.

छावणीतील एक पत्र

महाराष्ट्राच्या इतिहासात या जबाबदारीचा एक स्पष्ट दस्तऐवज उपलब्ध आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे, १६७३-७४ च्या सुमारास, छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरातील आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या आज्ञेसाठी हे पत्र सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु त्याचा मोठा भाग घोड्यांच्या दाणावैरणीविषयी आहे. पावसाळ्यासाठी साठविलेली सामग्री आधीच उधळली, तर पुढे घोड्यांना उपवास घडतील, घोडी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नये, दिवा जळता ठेवू नये, उंदीर वात ओढून नेतील, इतक्या बारीक सूचना त्यात आहेत.

येथे उपासमारीने आलेला मृत्यू दैवाच्या माथी मारलेला नाही. ज्याच्या ताब्यात घोडा आहे, त्याच्या निष्काळजीपणाला त्या मृत्यूचा धनी ठरविले आहे. त्या काळी स्वतःचा घोडा घेऊन चाकरी करणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा स्वतःचा असो वा सरकारी, चंदी-वैरणीचा हिशेब चुकला तर उत्तर द्यावे लागेल, ही शिस्त या पत्रातून दिसून येते.

सुरतेचा नियम

काम संपलेल्या जनावरांसाठी समाजाने काय केले, याचे उत्तर गुजरातच्या व्यापारी नगरांत मिळते. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आलेला इंग्रज धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन याने शहराबाहेर बनिया व्यापाऱ्यांनी चालविलेल्या प्राण्यांच्या रुग्णालयाचे वर्णन केले आहे. गाई, बकऱ्या आणि कुत्री यांच्याबरोबर आजारी, लंगडे व म्हातारे घोडेही तेथे ठेवलेले होते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याने सुरतेच्या पांजरपोळाची अधिक तपशीलवार माहिती लिहून ठेवली. उंच भिंतींच्या आवारात निरनिराळे विभाग होते. आणणारा मालक कोणत्या जातीचा वा देशाचा आहे, हे न पाहता प्रत्येक जनावराला प्रवेश मिळे. त्याने घोडे, खेचरे, बैल, माकडे, कबुतरे आणि पंचाहत्तर वर्षे तेथे राहिलेले एक वृद्ध कासवही नोंदविले आहे. परंतु त्याच्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेथील एक नियम. दाखल केलेले जनावर बरे झाले तरी मालकाला ते परत मागता येत नसे. ते आयुष्यभर पांजरपोळातच राही आणि अंगात बळ असेल तर इतर दुबळ्या जनावरांसाठी पाणी ओढण्याचे काम करी.

या नियमामागे व्यवहाराचे मोठे शहाणपण होते. दुखणे आले की जनावर धर्मादाय संस्थेच्या दारात सोडावे आणि बरे झाले की पुन्हा गाडीला जुंपावे, ही सोय मालकाला मिळू नये, अशी ती तजवीज होती. दयेचे दार सर्वांना उघडे होते. परंतु त्या दारातून जनावर आत सोडणाऱ्याचा हक्क तेथेच संपत असे.

मुंबईचे घोडे

मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मोठा क्षोभ उसळला. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई, मोतीशा शेठ आदी पारशी, जैन व हिंदू व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळाची स्थापना झाली. भुलेश्वरजवळचा तो परिसर आजही त्याच नावाने ओळखला जातो. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने ‘लागा’ देऊन या कार्याचा खर्च चालविला. कमाईतील ठरावीक अंश मुक्या प्राण्यांसाठी बाजूला काढावयाचा, ही त्यामागील भावना होती.

पुढील काळात हे शहर घोड्यांच्या बळावर धावले. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कंपनीच्या तबेल्यात सुमारे नऊशे घोडे होते, असे सांगितले जाते. त्याच वर्षी प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था मुंबईत स्थापन झाली, ही बाब अर्थपूर्ण आहे. रस्त्यावर कष्टणाऱ्या जनावरांची संख्या वाढली तशी त्यांच्यावरील अत्याचारांची जाणीवही वाढली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने परळ येथे बाई साकरबाई यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पांजरपोळाने आसरा दिला होता. रुग्णालयाने उपचार दिले.

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली आणि घोड्यांच्या ट्रामचे युग संपले. एका नव्या यंत्रामुळे शेकडो घोडे थोड्याच काळात अनावश्यक ठरू शकतात, हे या शहराने तेव्हा प्रथम पाहिले.

कैरोचा धडा

घोड्याचा मालक एखादी व्यक्ती असेल तर पांजरपोळाचे दार तिला माहीत असते. मालक खुद्द सरकार असेल तर काय होते, हे पहिल्या महायुद्धाने दाखविले. पश्चिम आशियातील मोहिमेत जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थानांचे घोडदळ लढले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर घेताना जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांनी मोठा पराक्रम केला. त्याच मोहिमेत ऑस्ट्रेलियाचे ‘वेलर’ घोडेही होते. ऑस्ट्रेलियाने युद्धाच्या निरनिराळ्या आघाड्यांवर एक लाखाहून अधिक घोडे पाठविले. त्यांपैकी केवळ एकच मायदेशी परतला. रोगराईची भीती आणि वाहतुकीचा खर्च ही कारणे पुढे करण्यात आली. उरलेल्यांपैकी काही इतर पलटणींना दिले गेले, काही गोळ्या घालून मारले गेले आणि काही विकले गेले. ब्रिटिश लष्करानेही आपले हजारो घोडे इजिप्तमध्ये विकून टाकले.

१९३० मध्ये डोरोथी ब्रुक ही ब्रिटिश सेनाधिकाऱ्याची पत्नी कैरोस आली. युद्धातील म्हातारे घोडे हाडांचे सापळे होऊन दगडांच्या गाड्या ओढताना तिने पाहिले. तिने १९३१ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात पत्र लिहिले, लोकांनी पैसे पाठविले आणि तीन वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेण्यात आले. १९३४ मध्ये तिने कैरोत या प्राण्यांसाठी मोफत रुग्णालय काढले. तिने गरीब गाडीवानांना दोष दिला नाही. घोडा उपाशी होता तेथे मालकही उपाशीच होता, हे तिने जाणले होते.

विकत घेतलेल्या बहुतेक घोड्यांना तिने काही दिवस विश्रांती व पोटभर खाणे देऊन वेदनारहित मरण दिले. जैन दृष्टीला हा मार्ग मान्य होणारा नाही. परंतु तो अमान्य करताना त्यातून उभा राहणारा प्रश्न टाळता येत नाही. जीव घ्यावयाचा नाही असे ठरविले, की त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंतचे अन्न, पाणी, औषध आणि निवारा हे सर्व आपल्या शिरावर येते. केवळ न मारणे ही अर्धी अहिंसा होय. पांजरपोळाच्या एका कोपऱ्यात जखम चिघळलेला घोडा दुर्लक्षित पडून राहिला, तर अन्नपाननिरोधाचा अतिचार मालकाकडून संस्थेकडे आला, एवढाच फरक होतो.

व्हिक्टोरियानंतर

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचा इतिहास ताजा आहे. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने केवळ हौसेच्या फेरीसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. चालकांच्या कुटुंबांबरोबरच घोड्यांच्याही पुनर्वसनाचा विचार करण्यास न्यायालयाने शासनाला सांगितले. २०२१ मध्ये त्याच घाटाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. १९०७ मध्ये जे घडले, त्याची ही लहानशी पुनरावृत्ती होती. मात्र या वेळी घोड्याच्या भवितव्याचा प्रश्न निदान न्यायालयाच्या निकालपत्रात विचारला गेला. माथेरानमध्येही डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक ई-रिक्षा धावू लागल्या आणि अश्वपालकांच्या उपजीविकेचा प्रश्न पुढे आला.

कायद्याने किमान मर्यादा घातल्या आहेत. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार ओझे वाहणाऱ्या जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. सलग पाच तासांहून अधिक काळ विश्रांतीवाचून राबविता येत नाही. आणि तापमान ३७ अंशांवर गेले असता दुपारी बारा ते तीन या वेळात जुंपता येत नाही. अतिभारारोपणाचा निषेध येथे कायद्याच्या भाषेत आला आहे.

ऋण कसे फेडावे

वरातीचा घोडा, पर्यटनस्थळावरील तट्टू, शर्यतीतून निवृत्त झालेला जातिवंत घोडा, या सर्वांपुढे एक दिवस तोच प्रश्न येणार आहे. त्याचे उत्तर त्या दिवशी शोधून चालत नाही. घोडा विकत घेण्याची किंमत हा सर्वांत लहान खर्च होय. रोजची चंदी-वैरण आणि भरपूर पाणी, दर सहा-आठ आठवड्यांनी खुरांची निगा, दातांची तपासणी, धनुर्वाताची लस आणि काम सुटल्यानंतरची वर्षे, हे सर्व हिशेबात धरूनच घोडा दारात आणावा. ज्याला हे शक्य नाही, त्याने घोडा न बाळगणे हाच संयम होय. जो पोट भरण्यासाठी घोडा पाळतो, त्याला समाजाने वेळीच उपचाराची मदत दिली, तर पांजरपोळात येणारे कित्येक घोडे मुळात लंगडेच होणार नाहीत. वरातीसाठी घोडा ठरविणाऱ्या यजमानानेही त्याच्या पाठीवरची जखम आणि पायांतले नाल एकदा पाहून घ्यावेत. कारण तासाभरापुरते का होईना, ते ओझे त्याच्याच नावावर लादले जात असते.

सुरतेच्या पूर्वजांनी पांजरपोळाचे दार सर्वांसाठी उघडे ठेवले आणि मालकाचा हक्क त्या दाराशी संपविला. हक्क संपला तरी ऋण मात्र संपत नाही. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी मालाच्या प्रत्येक उलाढालीतून लागा बाजूला काढला, तसा अंश घोड्याच्या पहिल्या दिवसाच्या कमाईपासूनच त्याच्या म्हातारपणासाठी बाजूला पडू लागेल, तेव्हा तो घोडा कोणालाही नकोसा होणार नाही.