चुकीच्या टार्गेटवरची गोळी आणि जुन्या रायफलचा खरेपणा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपला नवा एपिसोड लेखी स्वरूपात.

सुरुवात करू २००४ पासून. अथेन्स ऑलिंपिक, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल. हाच तो इव्हेंट, ज्यात २०२४ मध्ये पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकलं. तर अथेन्समध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स आघाडीवर होता. एकच शॉट बाकी. त्यानं नेम धरला, गोळी मारली आणि गुण मिळाले शून्य! गोळी शेजारच्या खेळाडूच्या टार्गेटवर गेली होती. हातातलं सोनं गेलं, एमन्स थेट आठव्या नंबरवर.

आता गंमत बघा. १३० वर्षांपूर्वी अगदी अशीच चूक झाली होती, आणि तेव्हा तिचा फायदा अमेरिकेलाच झाला होता. आजची गोष्ट त्या मॅचची, आणि त्या मॅचमुळे प्रसिद्ध झालेल्या रायफलींची. आज लोक त्या जमवतात, त्यांच्यासाठी मोठमोठ्या रकमा मोजतात आणि फसतातसुद्धा.

२६ सप्टेंबर १८७४. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाची शूटिंग रेंज. तिथे आधी क्रीड नावाच्या कुटुंबाची शेती होती, म्हणून हे नाव. आयर्लंडच्या टीमनं १८७३ मध्ये इंग्लंडमधली मानाची एल्को शील्ड जिंकली होती आणि आता थेट अमेरिकेला आव्हान दिलं होतं. अमेरिकन टीम या खेळात अगदी नवखी. प्रत्येक बाजूला ६ जण. अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड, म्हणजे शेवटचं अंतर ९१४ मीटर! प्रत्येक अंतरावर प्रत्येकी १५ गोळ्या. दुर्बीण नाही, फक्त डोळा आणि लोखंडी साइट.

खरी लढाई मात्र दोन तंत्रांची होती. आयरिश टीमकडे जॉन रिग्बीच्या रायफली होत्या. यांत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासायची. रिग्बी स्वतःही टीममध्ये होता. अमेरिकनांकडे मागून काडतूस भरायच्या रायफली, तिघांकडे रेमिंग्टन आणि तिघांकडे शार्प्स. अचूकता हवी तर तोंडातूनच ठासलं पाहिजे, असं तेव्हाचे जाणकार मानायचे.

९०० यार्डांवर आयर्लंडच्या मिलनरनं बुल्स-आय मारला, पण दुसऱ्याच टार्गेटवर. गुण शून्य. शेवटी स्कोअर आयर्लंड ९३१, अमेरिका ९३० आणि एकच गोळी शिल्लक. ती मारायची होती कर्नल जॉन बोडाइन यांना. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता. हाताला रुमाल बांधून ते आडवे झाले आणि त्यांनी ४ गुणांचा शॉट मारला. ९३४–९३१. मिलनरचे ते ४ गुण धरले असते, तर आयर्लंड एका गुणानं जिंकलं असतं!

या मॅचनंतर रेमिंग्टन आणि शार्प्सच्या लांब पल्ल्याच्या टार्गेट रायफलींना ‘क्रीडमूर रायफल’ हेच नाव पडलं. अशा रायफली मुळातच कमी बनल्या. साध्या रायफली मात्र त्याच कंपन्यांनी ढिगानं बनवल्या. इथूनच घोळ सुरू होतो. साधी रायफल घ्या, लांब नळी लावा, मागे उंच साइट बसवा, झाली ‘क्रीडमूर’ तयार! वर एक गोष्टही चिकटवायची: ‘ही त्या मॅचमधलीच बरं का.’

मग जाणकार काय बघतात?

पहिलं, मॅचचे नियम. रायफलचं वजन १० पौंडांच्या आत आणि ट्रिगर ओढायला किमान ३ पौंडांचा जोर. वजनकाट्यावर ११ पौंड भरणारी रायफल मॅचमध्ये वापरलेली म्हणून कोणी दाखवत असेल, तर तिथेच शंका घ्यायची.

दुसरं, कडा आणि अक्षरं. अष्टकोनी नळीच्या कडा मुळात धारदार असतात. मशीनवर पॉलिश केलं की त्या गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात आणि स्क्रूभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. गंजाच्या खड्ड्यांच्या आतसुद्धा ताजा निळा-काळा रंग दिसला, तर समजायचं की रंग नंतर दिलाय.

तिसरं, लाकूड. कारखान्यातून निघताना लाकूड धातूपेक्षा किंचित वर असतं. ते धातूच्या खाली गेलं असेल, तर कोणीतरी पॉलिश पेपर मारलाय.

चौथं, नंबर. बीजीएमआयमध्ये तुम्ही जी कार९८ उचलता, त्या खऱ्या माउझर रायफलच्या सुट्या भागांवरही नंबर मारलेले असायचे. जुन्या टार्गेट रायफलींमध्येही जिथे जिथे नंबर आहेत, ते सगळे एकमेकांशी जुळावे लागतात.

पाचवं, साइट. ती काढता येते, म्हणून हरवते आणि म्हणूनच तिची नक्कल होते. मूळ साइटचे स्वतंत्रच भरपूर पैसे येतात.

सगळ्यात भारी पुरावा म्हणजे कारखान्याची नोंदवही. विंचेस्टर कंपनी १८७० च्या दशकात चाचणीत सर्वांत अचूक ठरलेल्या नळ्या निवडून त्यांच्या रायफलींवर ‘वन ऑफ वन थाउजंड’ असं कोरायची. १८७३ मॉडेलच्या सात लाखांहून जास्त रायफली बनल्या, त्यांत अशा दीडशेसुद्धा नाहीत. १९५० मध्ये या रायफलीवर ‘विंचेस्टर ’७३’ हा सिनेमा आला आणि त्याच्या प्रचारासाठी उरलेल्या रायफलींचा जाहीर शोध घेतला गेला. मागणी वाढली की नकलाही येतातच. नळीवर चार शब्द कोरणं काही अवघड नाही. पण कंपनीच्या जुन्या नोंदवह्या आज वायोमिंगमधल्या कोडी गावच्या म्युझियममध्ये आहेत. नंबर तिथे तपासता येतो. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याच्या भाषेत, फाइलचं नाव कोणीही बदलेल, पण सर्व्हरवरचा लॉग खोटं बोलत नाही.

आता एक अवघड प्रश्न. समजा, १८७८ मध्ये एखाद्या नेमबाजानं आपल्या रायफलची साइट बदलली, दस्त्यावर गालासाठी लाकडाचा तुकडा लावला. मग ती ‘ओरिजिनल’ नाही का? हे नेमबाज सतत काहीतरी बदलत असायचे, तो त्यांच्या खेळाचाच भाग होता. म्हणून अनुभवी संग्राहक दोन गोष्टी वेगळ्या धरतात. वापरणाऱ्यानं त्या काळात केलेला बदल हा इतिहास. विकणाऱ्यानं किंमत वाढवायला आज केलेला बदल ही लबाडी. आणि कोणी चांगल्या मनानं ‘नवी करून देतो’ म्हणत घासून काढली, तर ती लबाडी नाही, पण नुकसान तेवढंच. किंमत निम्म्याच्याही खाली जाऊ शकते, आणि पुसलेली खूण परत आणता येत नाही.

आपल्यातल्या फार कमी जणांच्या घरी अशी रायफल असेल. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, चालू रायफल लायसन्सशिवाय ठेवता येत नाही. पण माझ्या घरी आजोबांचं एचएमटी घड्याळ होतं. डायल पिवळी पडलेली, काचेवर चरे. पहिल्या पगारातून मी ते दुरुस्तीला दिलं आणि सांगितलं, एकदम नवं करून टाका. दुकानदारानं नवी चकचकीत डायल बसवली, जुनी फेकून दिली. मी कौतुकानं आजीच्या हातात ठेवलं. तिनं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, ‘छान आहे रे. कोणाचं?’

तेव्हा मला हे क्रीडमूर प्रकरण माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून सांगतो. घरात जुनं काही सापडलं, मग ते घड्याळ असो, कॅमेरा असो की अडकित्ता, तर आधी फोटो काढा. मोठ्या माणसांना विचारून त्याची हकीकत लिहून ठेवा. धूळ मऊ कापडानं पुसा आणि तिथेच थांबा. पॉलिशचा डबा कपाटातच राहू द्या.

तुमच्या घरातल्या अशा एखाद्या वस्तूची गोष्ट मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!