तंबूतील बोलपट आणि त्याचा फोटोसेल

महाराष्ट्रातील फिरत्या चित्रपटगृहांविषयी जे लिहिले गेले त्यात तंबू, तंबूपुढची गर्दी आणि पडद्यावरचे नट यांना पुष्कळ जागा मिळाली आहे. तंबूतील यंत्र कशावर चाले आणि ते बिघडले म्हणजे कसे दुरुस्त होई, याकडे मात्र फार थोडे लक्ष गेले. वास्तविक या व्यवसायाचे आयुष्य दुरुस्तीनेच ठरत होते, आणि त्या दुरुस्तीतही सर्वांत नाजूक भाग होता तो बोटभर लांबीच्या एका काचेच्या नळीचा, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या फोटोसेलचा. अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या, १४ तालुके आणि सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा पसारा असलेल्या, राज्यातील सर्वांत विस्तीर्ण जिल्ह्यात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे कळते, कारण येथे सुटे भाग मिळण्याचे ठिकाण आणि खेळ करण्याचे ठिकाण यांत नेहमीच मोठे अंतर होते.

पडद्यावरचा खेळ गावोगाव नेण्याची परंपरा महाराष्ट्रात चित्रपटापेक्षाही जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगीत चित्रे दिव्याच्या प्रकाशात मोठी करून दाखविण्यास आरंभ केला. त्यानंतर चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. मूकपटाचा खेळ करणाऱ्याला दिवा, पडदा, हाताने फिरविण्याचे यंत्र आणि रिळे एवढ्यावर काम भागविता येत असे. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आल्यानंतर ही सोय संपली, कारण बोलपटाला एकसारख्या वेगाने फिरणारी मोटर, विजेचा पुरवठा, ध्वनिवर्धक आणि कर्णा लागू लागला, आणि या साऱ्या साखळीच्या उगमाशी फोटोसेल येऊन बसला.

जिल्ह्यातील यात्रांचे पंचांग अशा व्यवसायाला अनुकूल होते. आश्विनात पाथर्डी तालुक्यातील मोहटादेवीचा नवरात्रोत्सव, पौष पौर्णिमेला पारनेर तालुक्यातील कोरठण खंडोबा, होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणारी आणि गाढवांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेली मढीची कानिफनाथ यात्रा, चैत्रात शिर्डीची १८९७ मध्ये उरूस म्हणून सुरू झालेली रामनवमी आणि निघोजची मळगंगा अशी ही मालिका पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांतच येते, आणि कापडी तंबूला पाऊस चालत नसल्याने फिरत्या सिनेमाचा हंगामही नेमका तोच. तंबू ठोकण्यापूर्वी परवाना लागे. १९५३ च्या मुंबई सिनेमा (विनियमन) कायद्याने हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिला होता. चित्रपटांच्या पेट्यांची ने-आण रेल्वेने आणि पुढे एसटीने होई. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) याच मार्गावर धावली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. पेटी वेळेवर आली, इंजिन सुरू झाले, तिकिटे विकली गेली, तरी फोटोसेल गेला असेल तर पडद्यावर मूकपटच दिसणार, आणि बोलपटाचे पैसे मोजून बसलेला प्रेक्षक तो सहन करणार नाही.

हा भाग कसे काम करतो हे समजल्यावाचून त्याच्या दुरुस्तीचा इतिहास कळत नाही. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चित्रांच्या एका कडेला एक अरुंद पट्टी छापलेली असते, तिला साउंडट्रॅक म्हणतात. तिच्यावर ध्वनीच्या चढउतारांप्रमाणे कोठे कमी, कोठे जास्त रुंदीचा पारदर्शक भाग असतो, किंवा जुन्या पद्धतीत कमी-अधिक काळेपणा असतो. यंत्राच्या खालच्या अंगास ‘साउंड हेड’ नावाची पेटी असून तिच्यात एक्सायटर नावाचा तंतूचा छोटा दिवा, एक भिंग, एक फट आणि फोटोसेल बसविलेले असतात. फटीतून आलेली प्रकाशाची रेघ जाडीने मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढी असते आणि फिल्म तिच्यासमोरून सेकंदाला सुमारे ४५ सेंटीमीटर वेगाने जाते; त्यामुळे पट्टीवरील रुंदीचा प्रत्येक फरक प्रकाशाच्या फरकात, तो फरक फोटोसेलमध्ये विजेच्या अतिसूक्ष्म प्रवाहात आणि शेवटी तो प्रवाह कर्ण्यातून निघणाऱ्या आवाजात बदलतो. चित्राच्या खिडकीसमोर फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबत, झटक्याने पुढे सरकते; ध्वनीला मात्र अखंड गती हवी असते, म्हणून कोणत्याही चित्राचा आवाज त्या चित्रापासून २० चौकटी आधी छापलेला असतो. फिल्म ओवताना मधली सैल वळी ऑपरेटरने लहानमोठी सोडली तर ओठ आणि शब्द यांची फारकत होते, आणि त्यात फोटोसेलचा काहीच दोष नसतो.

दोष ओळखणे हे म्हणूनच या कामातले खरे कौशल्य होते. भेगाळलेल्या कोरड्या जमिनीवर उभ्या केलेल्या तंबूत धूळ सतत उडत असते, आणि ती भिंगावर किंवा फटीत साचली की आवाज मंद आणि बोथट होतो, तर यंत्राचे तेल भिंगावर गेले की शब्दांच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. दोन्ही वेळा स्वच्छ फडक्याने पुसण्यापलीकडे काही करावे लागत नाही. एक्सायटर दिवा प्रत्यावर्ती विजेवर थेट लावला तर त्याची तेजस्विता विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा कमी-जास्त होते आणि ५० आवर्तनांच्या पुरवठ्यावर १०० आवर्तनांची गुणगुण ऐकू येते. प्रकाशाची रेघ सरकून फिल्मच्या छिद्रांवर गेली तर एका चौकटीला ४ छिद्रे या हिशेबाने सेकंदाला ९६ ठोक्यांची घरघर उमटते. उलट बाजूला, चित्रावर, सरकली तर चौकटींच्या सीमारेषांची २४ आवर्तनांची धडधड येते. कान तयार असलेल्या माणसाला यंत्र न उघडताच बिघाडाची जागा सांगता येते, ती या आकड्यांमुळे. ही सारी कारणे दूर करूनही आवाज क्षीण राहिला, किंवा नळीत निळसर झळाळी दिसून खरखर सुरू झाली, तरच फोटोसेलवर निर्णय द्यावा लागे. वायू भरलेल्या नळीला साधारण ९० व्होल्टहून फार अधिक दाब मिळाला की अशी झळाळी येते आणि नळीतील संवेदनशील थर नासतो.

काचेच्या नळ्या मिळणे दुर्मिळ होत गेले तेव्हा दुरुस्तीचे रूप बदलले, आणि या बदलातच या कारागिरीची बुद्धी दिसते. नळीच्या जागी सिलिकॉनची लहानशी चकती बसविता येते. ही चकती सूर्यघटाप्रमाणे स्वतःच वीज निर्माण करते, तिला बाहेरून ९० व्होल्टचा दाब नको असतो. म्हणून नळी काढून चकती लावताना पहिले काम तो दाब तोडण्याचे, कारण तो तसाच राहिला तर नवी चकती पहिल्याच खेळाला जळून जाते. दुसरे काम अधिक किचकट असते: नळीचा प्रवाह अतिशय क्षीण आणि अंतर्गत रोध फार मोठा, तर चकतीचा रोध लहान, त्यामुळे जुन्या निर्वात नळ्यांच्या ध्वनिवर्धकाला ती सरळ जोडली तर आवाज पुरेसा येत नाही आणि मध्ये जुळणीचे रोहित्र किंवा छोटा पूर्ववर्धक घालावा लागतो. एका बाबतीत मात्र कारागिरांना कष्ट पडले नाहीत. तंतूच्या दिव्याचा बराचसा प्रकाश डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात असतो. जुनी सिझियमची नळी त्या पट्ट्याला सर्वाधिक प्रतिसाद देई, आणि सिलिकॉनही तेथेच सर्वाधिक संवेदनशील असल्याने दिवा न बदलता सेल बदलता आला.

पुढचा बदल उलट्या बाजूने आला, आणि त्याचे मूळ चित्रपट छापण्याच्या प्रयोगशाळांत होते. रंगीत प्रतीवरील रंगद्रव्ये अवरक्त प्रकाश अडवीत नाहीत, म्हणून रंगीत प्रतीतही साउंडट्रॅकवर तो प्रकाश अडविणारी चांदी राखण्यासाठी त्या पट्टीवर वेगळी रासायनिक प्रक्रिया करावी लागत असे. ही प्रक्रिया, तिला लागणारे पाणी आणि चांदी वाचविण्यासाठी एकविसाव्या शतकाच्या आरंभी जागतिक चित्रपट व्यवसाय केवळ निळसर-हिरव्या रंगद्रव्याच्या साउंडट्रॅककडे वळला. अशी पट्टी तंतूच्या दिव्याला जवळजवळ पारदर्शकच असते, म्हणजे फोटोसेल कितीही उत्तम असला तरी आवाज फारच फिका येतो. तिच्याकडून सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाशच अडविला जातो, म्हणून एक्सायटरच्या जागी तांबडा एलईडी बसविण्यात आला. चांदीच्या जुन्या प्रतीही तांबड्या प्रकाशात व्यवस्थित वाजतात, शिवाय एलईडी फार थोडी वीज घेतो आणि तापत नाही. दिवा आणि सेल ही एक जोडी आहे, आणि त्यांतील एकच भाग समजून घेणाऱ्याची दुरुस्ती अर्धवट राहते, हा धडा या दोन बदलांत मिळून पुरा झाला.

या धड्याचा उपयोग करण्याला वेळ थोडाच उरला होता. २००५ च्या सुमारास भारतात उपग्रहाद्वारे चित्रपट पोचविण्याची पद्धत सुरू झाली, २०१३ मध्ये फुजीने चित्रपटाच्या फिल्मचे उत्पादन थांबविले, आणि नव्या चित्रपटांच्या प्रती निघेनाशा झाल्यावर तंबूंनाही डिजिटल यंत्र तरी घ्यावे लागले किंवा कनात गुंडाळावी लागली. महाराष्ट्रातील या शेवटच्या टप्प्याचे चित्रण ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात आहे. २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखविल्या गेलेल्या या माहितीपटात तंबूचालकांच्या जोडीला प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही मानाचे स्थान मिळाले, हे या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

आज एखादे संग्रहालय, महाविद्यालय किंवा हौशी संग्राहक अशी यंत्रे पुन्हा चालू करू पाहतो तेव्हा ‘मूळ रूपात आणणे’ हे ध्येय ठरविले जाते आणि मधल्या काळात बसविलेली चकती, जोडलेले रोहित्र, तोडलेली तार हे सर्व उपटून टाकले जाते. हे चुकीचे आहे, कारण कारखान्यातून निघालेल्या यंत्राची माहिती त्याच्या छापील पुस्तिकेतही सापडते, परंतु यात्रेच्या मैदानावर ते यंत्र कसे जगविले गेले याचा पुरावा त्या फेरफारांखेरीज दुसरीकडे कोठेही नाही. नवा सेल बसवायचाच असेल तर तो जुन्या बैठकीला भोक न पाडता वेगळ्या पट्टीवर बसवावा, तोडलेल्या तारेला चिठ्ठी बांधून ती जागेवरच ठेवावी, आधीच्या जोडणीचे रेखाचित्र काढून यंत्राच्या पेटीत घालावे, आणि मगच चांदीच्या साउंडट्रॅकची एखादी जुनी, टाकाऊ झालेली फिल्म ओवून, ९६ आणि २४ आवर्तनांचे दोन्ही आवाज नाहीसे होईपर्यंत भिंगाचा स्क्रू हलक्या हाताने फिरवावा.