रेगे आणि रॉक
जमैकात १९६०च्या दशकाअखेरीस रेगे आकाराला आले. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक आघात, पहिली मात्रा बऱ्याचदा मोकळी; रॉकला सरावलेल्या कानांना हे सगळे उलटेच वाटे.

रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७४मध्ये रेगे गायक बॉब मार्लेचे ‘आय शॉट द शेरिफ’ गायले. ते प्रसिद्ध करायला तो स्वतः फारसा राजी नव्हता! गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि मार्लेचे नाव रॉकच्या श्रोत्यांत झाले.

लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक रॉक बँडने १९७७मध्ये ज्युनिअर मर्विनचे रेगे गाणे ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ पंक ढंगात वाजवले. मर्विनला ते मुळीच रुचले नाही. मूळ गाण्याचा निर्माता ली पेरी याने मात्र त्याच वर्षी क्लॅशच्या ‘कम्प्लीट कंट्रोल’ची निर्मिती केली, आणि मार्लेने ‘पंकी रेगे पार्टी’त क्लॅशचे नाव घेतले. यापेक्षा मोठी पावती पंकला रेगेकडून मिळाली नाही.