सेतु, कूप आणि धन्याची अनुज्ञा

निलंग्यास येणारे अभ्यासक नीलकंठेश्वराच्या देवालयांतील मूर्ति पाहून परततात. भोंवतालच्या शिवारांतील बांध व विहिरी यांजकडे सहसा कोणी वळत नाहीं. पाणी अडविण्यास किंवा विहीर खोदण्यास परवानगी लागते हें अलीकडच्या कचेऱ्यांचें खूळ, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे, व त्याचें खंडन करणारा ग्रंथ येथून जवळच लिहिला गेला. चालुक्य विक्रमादित्य सहावा (इ. स. १०७६–११२६) याच्या राजधानींत, कल्याण येथें, विज्ञानेश्वरानें मिताक्षरा रचिली. तें कल्याण म्हणजे आजचें बसवकल्याण. इ. स. १९५६ पर्यंत निलंगा तालुका त्याच बीदर जिल्ह्यांत होता.

मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका. त्या स्मृतीच्या सीमाविवादप्रकरणांत दोन श्लोक आहेत. बाधा थोडी व हित मोठें असा बांध आपल्या भूमींत पडला तरी धन्यानें अडवूं नये. थोडी जागा घेऊन पुष्कळ पाणी देणाऱ्या विहिरीसही तोच न्याय, असा पहिल्याचा आशय. दुसरा सांगतो कीं, धन्यास न कळवितां परक्या क्षेत्रांत बांध घातल्यास त्याचें फळ धन्याचें, धनी नसल्यास राजाचें. बांध मोडावा असें येथें म्हटलेलें नाहीं. करणाराचा भोग तेवढा जातो. याहून नेमकी शिक्षा माझ्या वाचनांत नाहीं.

याज्ञवल्क्य शेत व त्याचा धनी एवढेंच पाहतो. वरच्या व खालच्या पाण्याचा विचार कौटिल्यानें केला. त्याचें अर्थशास्त्र शामशास्त्र्यांनीं इ. स. १९०९ मध्यें म्हैसूर येथें प्रसिद्ध केलें. मागाहून झालेल्या खालच्या तळ्यानें वरच्या तळ्याचें शेत बुडवूं नये. वर झालेल्यानें खालच्याचा भरणा रोखूं नये, मात्र खालचें तीन वर्षें ओस असल्यास गोष्ट निराळी. नवें तळें बांधणारास पांच वर्षें करमाफी, मोडलेलें सांवरणारास चार.

इ. स. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर खोदण्यास मनाई केली, व अतिउपसा झालेलें पाणलोट क्षेत्र जाहीर करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास दिला. इ. स. २०१४ मध्यें अमलांत आलेल्या, २००९ च्या कायद्यानें अधिसूचित क्षेत्रांत शेती व उद्योग यांसाठीं ६० मीटरांहून खोल विहिरी वर्ज्य केल्या. येथें जुन्या शास्त्राची गति खुंटते. तळें डोळ्यांस दिसे. कूपनलिकेनें ओढलेलें पाणी कोणाच्या शेताखालचें, हें काळ्या पाषाणाच्या भेगांनाच ठाऊक. धन्यास कळवावें खरें, पण धनी कोण?

संग्राहकांस एक विनंति. आपण सनदा जपतों आणि पाटाच्या पाळ्या, विहिरींतील हिस्से, बांधावरील तंटे यांचे कागद बाजूस सारतों. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपांत या भागांतील घरें पडलीं. त्यांसवें किती दप्तरें गेलीं असतील! निलंगा, औसा, उदगीर येथील उरल्या रुमालांत असा कागद आढळल्यास त्याची नक्कल करावी, व संमति कोणाची घेतली तें नांव प्रथम पाहावें.